‘सुरक्षा झडप’ : एका संज्ञेचा आणि एका औद्योगिक पट्ट्याचा इतिहास

मराठीत ‘झडप’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. घार पिलावर घालते ती एक झडप आणि खिडकीला असते ती दुसरी. यंत्रशास्त्राच्या परिभाषेत ‘व्हॉल्व्ह’ला पर्याय म्हणून ‘झडप’ हा शब्द योजला गेला, तो अर्थातच दुसऱ्या अर्थाच्या आधाराने. ही योजना समजली जाते त्याहून अधिक समर्पक आहे. ज्या लॅटिन ‘व्हाल्वा’ शब्दापासून इंग्रजी संज्ञा निघाली, त्याचाही मूळ अर्थ दुमडणाऱ्या दाराची फळी असाच होता. तथापि कासारवाडीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत हा शब्द क्वचितच ऐकू येतो. तेथे ‘वॉल’ म्हणतात. एकाच अक्षरात दोनदा येणारा ‘व्ह’ आणि शेवटचे जोडाक्षर मराठी उच्चाराला जड जाते, म्हणून शब्दाचे शेपूट गळून पडले. पाणीपुरवठा खात्यातील ‘वॉलमन’ आणि सायकलच्या दुकानातील ‘वॉलट्यूब’ ही त्याच संक्षेपाची अपत्ये होत.

दाबाखालील वायू साठविणाऱ्या भांड्यावर मात्र हा एकच शब्द दोन भिन्न स्वभावांच्या वस्तूंना लावला जातो. एक झडप माणसाच्या हाताची आज्ञा पाळते. फिरविली की वायू येतो, उलट फिरविली की थांबतो. दुसरी कोणाचीही आज्ञा पाळत नाही. तिच्यावर एक स्प्रिंग ठरावीक जोराने बसविलेली असते. आतील दाब त्या जोराला वरचढ झाला की ती आपोआप उचलली जाते, आणि दाब उतरला की पुन्हा बसते. काही सिलिंडरांवर स्प्रिंगऐवजी ठरावीक दाबाला फाटणारी पातळ चकती किंवा ठरावीक उष्णतेला वितळणारे बूच असते; ते एकदा उघडले की पुन्हा मिटत नाही. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर हे याचे घरगुती उदाहरण होय. शिटी रोजच्या रोज वाफ सोडते. झाकणावरचे वितळणारे बूच वर्षानुवर्षे गप्प बसते, आणि शिटीचे भोक तुंबले तरच आपले काम करते. या दुसऱ्या जातीला इंग्रजीत ‘सेफ्टी’ आणि ‘रिलीफ’ अशी दोन विशेषणे लावतात. मराठी परिभाषेने पहिले उचलून ‘सुरक्षा झडप’ ही संज्ञा केली. या संज्ञेत सुरक्षा आहे, परंतु ती कोणाची हे सांगितलेले नाही. पुढील इतिहास पाहता ही उणीव केवळ व्याकरणाची ठरत नाही.

सुरक्षा झडपेचा इतिहास हा बव्हंशी माणसाचा हात तिच्यापासून दूर ठेवण्याचा इतिहास आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापाँ याने 1679 च्या सुमारास हाडे शिजविण्याचे बंद भांडे तयार केले आणि त्यावर तरफेला वजन टांगून झडप बसविली. वजन सरकविले की दाब वाढे. म्हणजे ही झडप चालकाच्या मुठीतच होती. 1803 मध्ये लंडनजवळ ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक याच्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर फुटून माणसे मेली. देखरेखीवर ठेवलेला मुलगा मासे धरण्यासाठी निघून गेला होता, आणि वाफेला बाहेर पडण्याची वाट मोकळी राहिली नव्हती. त्यानंतर ट्रेव्हिथिकने आपल्या यंत्रांवर दोन झडपा बसविण्यास आरंभ केला, आणि त्यांतली एक चालकाला हात लावता येणार नाही अशी ठेवली. 1855 च्या सुमारास जॉन रॅम्सबॉटम याने जी झडप काढली तिची ख्यातीच ही होती की, जास्त वाफ मिळावी म्हणून फायरमनने तिच्याशी लबाडी केली तर ती साधत नसे. आजही दाबमुक्तीची झडप ठरावीक दाबाला बसवून तिला सील लावतात, वर्षातून एकदा तरी तिची चाचणी घ्यावी असा नियम आहे, आणि भांडे व ती झडप यांच्या मध्ये अशी कोणतीही चावी असू नये की जी बंद केल्याने भांडे निराधार होईल.

या भूभागात सुरक्षा झडप प्रथम आली ती बहुधा आगगाडीच्या इंजिनावर बसून. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग 1858 मध्ये सुरू झाला आणि तो चिंचवडवरूनच जातो. कायदा मात्र दुसरीकडून आला. 1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून मनुष्यहानी झाली, त्यावरून 1864 चा बंगालचा कायदा झाला. पुढे सर्व देशासाठी 1923 चा बॉयलर कायदा आला, आणि त्याची जागा 2025 च्या कायद्याने घेतली. वायूच्या सिलिंडरांचा मार्ग निराळा आहे. 1938 मध्ये सरकारने अधिसूचना काढून धातूच्या पात्रात भरलेला दाबाखालील वायू हा 1884 च्या स्फोटकांच्या कायद्याखालील ‘स्फोटक’ असल्याचे जाहीर केले, आणि 1940 मध्ये सिलिंडरांचे नियम केले. प्राणवायू हा रसायनशास्त्राच्या दृष्टीने स्फोटक नव्हे; पण पोलादी पात्रात कोंडला की कायद्याच्या भाषेत तो सुरुंगाच्या दारूच्या पंक्तीला बसतो. शब्दाचा अर्थ पदार्थावरून न ठरता त्याच्या अवस्थेवरून ठरविण्याचा असा स्पष्ट दाखला विरळा. हे नियम 1981, 2004 आणि 2016 मध्ये नव्याने करण्यात आले. मोठ्या स्थिर आणि फिरत्या टाक्यांचे नियम 1981 चे, ते 2016 मध्ये बदलले. या सर्वांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय नागपुरात आहे.

पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिनची बुरशी वाढविण्याच्या टाक्यांतून निर्जंतुक केलेली दाबाची हवा अखंड सोडावी लागते. तेव्हा या पट्ट्याच्या आधुनिक उद्योगाच्या मुळाशीच दाबाखालील वायू आहे असे म्हणता येईल. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर पिंपरी-चिंचवडचा विस्तार झपाट्याने झाला, आणि पुढे चाकणची माळराने त्यात आली. वाफेच्या व नियंत्रणाच्या झडपा करणारी फोर्ब्स मार्शल ही कंपनी कासारवाडीची. सिलिंडरांच्या झडपा बहुतेक पितळी असतात, आणि ‘कासार’ हा शब्द ‘कांस्यकार’ या संस्कृत शब्दापासून आलेला आहे. हा निव्वळ योगायोग आहे. त्यावर कोणताही सिद्धान्त उभारण्याचे कारण नाही. कोथरूडमध्ये गॅसचे रेग्युलेटर आणि सिलिंडरांच्या झडपा करणाऱ्या वनाज कंपनीच्या नावाची गोष्ट याहून मनोरंजक आहे. कारखान्यावरून चौकाला नाव पडले, आणि 6 मार्च 2022 रोजी पुणे मेट्रोचे पहिले दोन टप्पे सुरू झाले तेव्हा एका मार्गाचे टोक पिंपरी-चिंचवड महानगरपालिका आणि दुसऱ्याचे वनाज असे ठरले. झडपा करणाऱ्या कारखान्याचे नाव मेट्रोच्या नकाशावर गेले, आणि रोज ते उच्चारणाऱ्या उतारूंपैकी फार थोड्यांना त्याचा उगम ठाऊक असावा.

सुरक्षा कोणाची, हा प्रश्न या संज्ञेला प्रथम विचारला गेला तो कारखान्यात नव्हे, तर राजकारणात. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन 1885 च्या डिसेंबरात पुण्यास भरावयाचे होते. पटकीची साथ आल्याने ते मुंबईस हलविण्यात आले. ही सभा म्हणजे साचलेल्या असंतोषाला वाट करून देणारी सुरक्षा झडप होय, ही ॲलन ह्यूम यांची उपमा वेडरबर्न यांनी 1913 मध्ये लिहिलेल्या चरित्रातून प्रसिद्धीस आली. लाला लजपतराय यांनी 1916 मध्ये तीच उपमा उलटवून सभेच्या जन्मावर टीका केली : झडपेने रक्षण होते ते साम्राज्याचे. बिपिनचंद्र यांच्यासारख्या इतिहासकारांनी पुढे हा सिद्धान्त पुराव्याअभावी त्याज्य ठरविला, आणि ते योग्यच झाले. पण लजपतरायांनी उपमेचे यांत्रिक मर्म अचूक ओळखले होते. सुरक्षा झडप वाचविते ती भांड्याला. बाहेर पडलेल्या वायूचे पुढे काय होते, याच्याशी तिचा संबंध नसतो.

भोपाळ येथे 2 डिसेंबर 1984 च्या रात्री हे मर्म भयंकर रीतीने प्रकट झाले. 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरून दाब चढला, आणि सुरक्षा झडप उघडली. ती उघडावयास हवी तशीच उघडली. बाहेर येणारा वायू धुऊन काढणाऱ्या यंत्रणेला तो पेलला नाही आणि जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी बंद होता. टाकी फुटली नाही; शहरात हजारो माणसे मेली. भारतीय सिलिंडर नियमांत एक कलम असे आहे की, विषारी वायूंच्या सिलिंडरांवर सुरक्षा साधन बसवू नये. प्रथमदर्शनी हे कलम विचित्र भासते, वस्तुतः ते अत्यंत विचारपूर्वक केलेले आहे. अशा वायूच्या बाबतीत भांड्याची सुटका आणि शेजाऱ्याची सुरक्षा या परस्परविरोधी गोष्टी ठरतात, आणि नियमाने शेजाऱ्याची बाजू घेतली आहे. मात्र त्यामुळे हाताने फिरवावयाच्या झडपेवर सगळा भार येतो. 9 जानेवारी 2024 रोजी कासारवाडीच्या महापालिका जलतरण तलावावर क्लोरीनची गळती झाली आणि पोहणाऱ्यांसह सुमारे वीस जणांना रुग्णालयात न्यावे लागले.

प्राणवायूची गोष्ट याच्या उलट आहे. तो उणे 183 अंश सेल्सिअसला द्रव होतो आणि एका लिटर द्रवापासून सुमारे 860 लिटर वायू मिळतो. टाकीच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी ठेवली तरी थोडी उष्णता आत झिरपतेच. म्हणून अशा टाकीवरची झडप अधूनमधून फुसफुसणे हे रोगाचे लक्षण नव्हे, आरोग्याचे होय. 2021 च्या एप्रिलमध्ये चाकणच्या द्रव प्राणवायूच्या कारखान्यांतून निघणाऱ्या टँकरांकडे जिल्ह्यातील रुग्णालयांचे डोळे लागले होते. त्याच महिन्यात, 21 तारखेस, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीत द्रव भरला जात असताना जोडणीच्या भागातून गळती झाली. पांढऱ्या धुक्याचे लोट आवारभर पसरले, नळांतील दाब कोसळला, आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेले 22 रुग्ण त्या दिवशी दगावले. येथेही टाकी अभंग राहिली. ज्या वायूच्या गळतीने कोणी गुदमरला नसता, त्याच्या अभावाने माणसे गेली. टाकीची सुरक्षा पाहणाऱ्या झडपेला हे कळण्याचा मार्ग नव्हता; तो पुरवठ्याच्या वाटेवरील झडपांचा आणि त्या कोठे आहेत हे जाणणाऱ्या माणसांचा विषय होता.

5 जुलै 2024 रोजी बजाज कंपनीने पुण्यात नैसर्गिक वायूवर चालणारी मोटारसायकल विक्रीस आणली. तिच्या बैठकीखाली दोन किलो वायूची टाकी आहे. वाहनांत हा वायू सुमारे 200 बार दाबाने भरतात. म्हणजे एके काळी कारखान्याच्या कुंपणाआड असणारा दाब आता रहदारीत, दिव्यापाशी थांबलेल्या माणसाच्या मांडीखाली आला आहे. अशा टाक्यांची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी घ्यावी लागते. जळणाऱ्या वायूंच्या सिलिंडरांच्या झडपांचे आटे डावे आणि इतरांचे उजवे ठेवण्याची जी जुनी पद्धत आहे, तीही हाताच्या चुकीवरच केलेला उपाय होय : चुकीची नळी बसूच नये.

परंतु जाणूनबुजून केलेल्या कृत्याला आटे अडवू शकत नाहीत. 8 ऑक्टोबर 2023 च्या रात्री पिंपरी-चिंचवडमधील ताथवडे येथे प्रोपिलीन वायूच्या टँकरमधून चोरून सिलिंडर भरले जात होते. प्रोपिलीनचा बाष्पदाब घरगुती गॅसपेक्षा जास्त असतो. शिवाय सिलिंडरात द्रवाला प्रसरणासाठी जी मोकळी जागा ठेवावी लागते, तिचे माप अशा अंधारातल्या भरणीत कोण ठेवणार? आग लागली आणि नऊ सिलिंडर लागोपाठ फुटले. अग्निशामक दलाने टँकरवर पाण्याचा मारा सुरू ठेवला. हा मारा का आवश्यक असतो ते फ्रान्समधील फेझँ येथे 4 जानेवारी 1966 रोजी दिसून आले होते : प्रोपेनच्या गोलाकार टाकीची तळची झडप गोठून बंद होईना, आग लागली, वरची सुरक्षा झडप उघडून वायू सोडू लागली, आणि तरीही टाकी फुटून 18 माणसे मेली. झडप दाब उतरविते. ज्वाळांनी मऊ पडणाऱ्या पत्र्याला ती थंड करू शकत नाही. ताथवड्याचा टँकर फुटला नाही. शेजारी शाळेच्या बसगाड्या होत्या, त्यांना आगीने गाठले. तो रविवार होता आणि गाड्या रिकाम्या उभ्या होत्या.