गिझर, एसी आणि इस्त्री एकत्र लावली की लाईट का जाते? युनिट आणि लोडमधला फरक समजून घ्या

सकाळची घाई. बाथरूममध्ये गिझर सुरू, बेडरूममध्ये एसी, त्यात कुणीतरी इस्त्री लावतं आणि मेन एमसीबी ट्रिप होतो. शेजारी मात्र लाईट असते. असं का होतं?

युनिट वेगळं, लोड वेगळा

१,००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की १ युनिट होतं. लोड म्हणजे एकाच वेळी किती वीज खेचली जाते. साठवणीचा गिझर साधारण २,००० वॅटचा, दीड टनाचा एसी १,५०० आणि इस्त्री १,००० वॅटची धरली, तर तिन्ही मिळून ४,५०० वॅट होतात. २३० व्होल्टला हा करंट जवळपास २० अँपिअर भरतो. मेन एमसीबी १६ अँपिअरचा असेल तर तो ट्रिप होऊ शकतो.

मग मोठा एमसीबी बसवायचा का?

नुसता एमसीबी बदलू नका. आतली वायर जुनी आणि बारीक असेल, तर ती तापेल आणि एमसीबी पडणारच नाही. आग लागण्याचा धोका इथेच असतो. आधी इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग तपासून घ्या. बिलावरचा ‘मंजूर भार’ही पाहा. वापर त्याहून जास्त असेल, तर वीज कंपनीकडे अर्ज करून तो वाढवून घेता येतो.

डीपीवर ताण कसा येतो?

५० घरांत एकाच वेळी २,००० वॅटचे गिझर सुरू झाले, तर १०० किलोवॅट लोड होतो. १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर तेवढ्यातच भरतो. पंखे, फ्रिज, पंप वेगळेच.

काय करता येईल?

• गिझर, एसी, इस्त्री, इंडक्शन यांच्या वेळा वेगळ्या ठेवा.
• १५ लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांपर्यंत तापायला साधारण अर्धा युनिट लागतं. २,००० वॅटच्या गिझरला त्यासाठी १५-१६ मिनिटं पुरतात. अंघोळी झाल्या की तो बंद करा.
• एसी २४ अंशांवर ठेवून पंखा लावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते, तापमान १ अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते.

लक्षात ठेवा, वेळा बदलल्याने लोड कमी होतो, युनिट नाही. बिल कमी करायचं असेल, तर वापर कमी करा.