कॅम्परव्हॅन घेऊन कोकणात जायचंय? पिंपरी-चिंचवडमधून निघण्याआधी हे वाचा

मागचं दार उघडं, आत गादी, शेगडीवर चहा आणि समोर समुद्र. कॅम्परव्हॅनचे असे रील्स एव्हाना सगळ्यांनीच पाहिलेत. ते बघून पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या अनेकांच्या डोक्यात एकच हिशोब सुरू होतो. जुनी ट्रॅव्हलर घ्यायची, ओळखीच्या गॅरेजमधून आत बेड आणि ओटा करून घ्यायचा आणि गुरुवारच्या सुट्टीला जोडून दोन दिवस रजा टाकून कोकण गाठायचं.

कल्पना भारी आहे. पण ही गाडी म्हणजे चाकांवरचं घर आहे. घराला पाणी, वीज, गॅस लागतो आणि घाण पाण्याची सोयही करावी लागते. त्यात ती घाट उतरणार असते. त्यामुळे खर्चाच्या आधी कागदपत्रं, वजन आणि मुक्काम या तीन गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

कॅम्परव्हॅन म्हणजे नेमकं काय?

साध्या व्हॅनमध्ये झोपायची आणि स्वयंपाकाची सोय केली की ती कॅम्परव्हॅन. मोठ्या चॅसीवर स्वयंपाकघर, टॉयलेट अशी पूर्ण खोली बांधली की मोटरहोम. परदेशात दुसऱ्या गाडीने ओढून न्यायच्या घराला कॅरॅव्हॅन म्हणतात, आपल्याकडे मात्र सगळ्यांसाठीच हा शब्द वापरला जातो. आपल्या वाहन नियमांमध्ये या गाड्यांना ‘मोटर कॅरॅव्हॅन’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी एआयएस-१२४ हे वेगळं सुरक्षा मानक आहे.

यात आकुर्डीचा काय संबंध?

भारतातल्या बऱ्याच कॅम्परव्हॅन फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेल्या असतात. फोर्स मोटर्सचं मुख्यालय आकुर्डीत आहे, ट्रॅव्हलर मात्र मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला बनते. १९५८ मध्ये ही कंपनी सुरू झाली तेव्हा जर्मनीच्या ‘टेम्पो’ कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी बनवायची. पुढे तिचं नाव बजाज टेम्पो झालं आणि मालवाहू गाडीला आपण सरसकट ‘टेम्पो’ म्हणू लागलो. मूळच्या टेम्पो ट्रॅव्हलरचा आराखडा मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनवरून घेतलेला होता. याच टी-१ वर युरोपात अनेकांनी आपली फिरती घरं बांधली. म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडाला आणि कंपनीच्या शिफ्टला धावणारी आपली ट्रॅव्हलर नात्याने त्यांची चुलत बहीणच लागते.

गॅरेजमध्ये बेड बसवला तर काय बिघडतं?

आरसीवर सीटची संख्या आणि बॉडीचा प्रकार लिहिलेला असतो. सीट काढून बेड बसवला, छप्पर कापून खिडकी केली की गाडी आणि कागद जुळत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. असा बदल केल्यास कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

दंड एक वेळ परवडेल. खरा फटका बसतो अपघात झाल्यावर. कागदावर नसलेल्या बदलांवरून विम्याचा दावा अडकू शकतो आणि समोरच्याला झालेल्या नुकसानाची भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते.

मग सुरक्षित मार्ग कोणता? मोटर कॅरॅव्हॅन म्हणून मंजुरी असलेल्या बांधणीदाराकडूनच गाडी बांधून घ्यायची आणि आरसीवर तशी नोंद झाल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. अशा मंजुऱ्यांसाठी गाड्या तपासणाऱ्या संस्था याच भागात आहेत, पुण्यात एआरएआय आणि भोसरीत सीआयआरटी. जुन्या गाडीत बदल करायचा असेल, तर कामाला हात लावण्याआधी आरटीओची लेखी परवानगी घ्या. एवढं सगळं नको असेल, तर गाडीला काहीही कायमचं न जोडता सुटी गादी, घडीचं टेबल आणि पाण्याचे कॅन घेऊन एखादी ट्रिप करून बघा. हौस किती खरी आहे तेही कळेल.

भाड्याने घेताना काय बघायचं?

नंबर प्लेट. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. चालकासह मिळणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी भाड्याने देत असेल, तर तो व्यवहार बेकायदा आहे. लायसन्सचं म्हणाल तर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाच्या गाडीला एलएमव्ही लायसन्स चालतं. व्यावसायिक गाड्यांच्या बाबतीतही हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मान्य केलं.

वीज किती पुरते?

१२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १,२०० वॉट-तास वीज असते. लिथियम असेल तर त्यातली बरीचशी वापरता येते, साध्या लेड-ॲसिडमध्ये साधारण निम्मी. ३० वॉटचा पंखा, दिवे आणि मोबाईल चार्जिंग यावर रात्र आरामात निघते. पण एक टनाचा एसी तासाला हजाराच्या आसपास वॉट-तास खातो, म्हणजे तासाभरात बॅटरी आटोपली.

म्हणून काही जण एसीसाठी इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून झोपतात. हे जीवघेणं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघं मृतावस्थेत सापडले. एसीसाठी सुरू असलेल्या जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचं तपासात पुढे आलं. या वायूला वास नसतो, रंगही नसतो आणि झोपलेला माणूस जागा होतच नाही. त्यामुळे इंजिन आणि जनरेटर बंद करूनच झोपायचं आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायचा.

स्वयंपाकाच्या गॅसचा धोका वेगळा. तो हवेपेक्षा जड असल्याने गळला की तळाशी साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूने हवा बाहेर जायला जागा लागते. शक्य असेल तर शेगडी बाहेर मांडून स्वयंपाक करणंच बरं.

घाट कसा उतरायचा?

पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. ताम्हिणी घाटाने माणगावला पोहोचेपर्यंत ही सगळी उंची उतरायची असते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १०० लिटरची टाकी, बॅटरी, फर्निचर आणि माणसं धरून गाडी चांगलीच जड होते. सतत ब्रेक दाबला तर तो तापतो आणि मग लागेनासा होतो.

यावर जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम सोपा आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवायला जाऊ नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, नियमही तसाच आहे. टाकी पूर्ण भरायची ती घाट उतरल्यावर. पावसाळ्यात दरडींमुळे ताम्हिणी आणि वरंधासारखे घाट बंद केले जातात, त्यामुळे निघण्याच्या दिवशी प्रशासनाची सूचना बघूनच बाहेर पडा.

किनाऱ्याने जायचा रस्ता

माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत हरिहरेश्वर येतं. पुढे बाणकोटची खाडी लागते. बागमांडल्याहून वेसवीला गाड्या नेणारी फेरीबोट आहे. दापोलीच्या पुढे दाभोळ ते धोपावे आणि गुहागरनंतर तवसाळ ते जयगड अशा आणखी दोन फेरीबोटी लागतात. तिथून गणपतीपुळे जवळच. फेरीबोटीत चढण्याआधी गाडीची लांबी, उंची आणि वजन सांगून विचारून घ्या, कारण जड गाडीच्या बाबतीत भरती-ओहोटीही बघावी लागते.

एक साधा अंदाज असा, की एसटी जाते त्या रस्त्याने ट्रॅव्हलर जाते. वाडीच्या आत शिरणाऱ्या बोळात मात्र फणसाच्या फांद्या आणि विजेच्या तारा आडव्या येतात. एसी आणि सोलर पॅनल धरून गाडीची उंची मोजा आणि स्टिअरिंगजवळ चिकटवून ठेवा.

रात्री थांबायचं कुठे?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात कॅरॅव्हॅन आणि कॅरॅव्हॅन पार्क यांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करायची तरतूद आहे. नोंदणीकृत पार्क वाटेत नसेल, तर होमस्टेचं अंगण सगळ्यात सोयीचं. दुपारीच फोन करून पाणी, टॉयलेट आणि गाडी लावायला जागा मिळेल का ते विचारायचं, पैसे ठरवायचे आणि जेवण तिथेच सांगायचं. मालकाचा फायदा होतो आणि आपलीही सोय होते. ताम्हिणीत मात्र रस्त्याकडेला तंबू ठोकायचा विचार नको, तिथे अभयारण्य आहे.

वाळूवर गाडी नेणं टाळा. चाक रुतलं आणि भरती आली की गाडी पाण्यात जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाचं पाणी आणखी वर चढतं. शिवाय वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. गाडीच्या चाकांखाली घरटी चिरडतात आणि रात्रीच्या दिव्यांमुळे पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे वळतात.

राहिला प्रश्न घाण पाण्याचा. भांड्याचं साबणाचं पाणी वेगळ्या टाकीत साठवायचं आणि टॉयलेटची पेटी फक्त शौचालयात, तीही विचारून रिकामी करायची. किनाऱ्यावर किंवा ओढ्यात सोडलेलं पाणी शेवटी गावाच्या विहिरीपर्यंत पोहोचतं. आज एखाद्या गावाने कॅम्परव्हॅनवाल्यांना अंगणात जागा दिली, तर उद्या येणाऱ्यालाही ती मिळेल का, हे याच टाकीवर ठरतं.

आणि गुरुवारची सुट्टी असेल तर एक फायदा आहेच. शनिवार-रविवारची गर्दी नसल्याने रस्ता, फेरीबोट आणि अंगण तिन्ही तेव्हा मोकळी असण्याची शक्यता जास्त.