साक्ष देऊ नको! राजाचा हिरवा ताईत

नंदुरबारहून सुरतमार्गे कधी बडोद्याला गेलात, तर सयाजीबागेतलं म्युझियम चुकवू नका. तिथे सयाजीराव महाराजांच्या काळात आणलेली इजिप्तची खरीखुरी ममी आहे. अशा ममीला कापडी पट्ट्या गुंडाळताना मध्ये मध्ये छोटे ताईत ठेवायची तिकडे रीत होती. आपण बाळाला काळा दोरा बांधतो. तिकडे मेलेल्या माणसालाही राखण लागायची.

आजचा ताईत मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हिरव्या जॅस्पर दगडातला शेणकिडा, पण तोंड माणसाचं! सोन्यात बसवलेला, मुठीत सहज मावेल एवढा. वय सुमारे ३६०० वर्षं. आपल्या प्रकाशाला, तापी-गोमाईच्या संगमावर, १९५५ च्या उत्खननात तांबं आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्यांची वस्ती सापडली ना, साधारण त्याच जमान्यातला.

त्यावर सोबेकेमसाफ राजाचं नाव आणि एक मंत्र कोरलाय. इजिप्तमध्ये समजूत अशी, की मेल्यावर देवांसमोर हृदय तराजूत तोललं जातं आणि दुसऱ्या पारड्यात असतं सत्याचं पीस. म्हणून ममी करताना मेंदू काढून टाकायचे, हृदय मात्र जागेवर ठेवायचे. आपली सगळी कर्मं त्यालाच ठाऊक! पण त्यानेच तिथे खरं सांगून टाकलं तर? म्हणून हा मंत्र स्वतःच्याच हृदयाला विनवतो, की माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नको. राजालासुद्धा ही धास्ती, बरं का.

या नावाचे दोन राजे झाले. ताईत त्यातल्या कोणाचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण एकाच्या थडग्याचं काय झालं, ते चोराच्याच जबानीत वाचायला मिळतं. सुमारे साडेचारशे वर्षांनी, नवव्या रामसेसच्या राज्यात, आमेनपनुफेर नावाचा पाथरवट पकडला गेला. त्याने पपायरसवर नोंदलेला कबुलीजबाब दिला: आम्ही थडगं फोडलं, राजा-राणीच्या अंगावरचं सोनं आणि ताईत काढले, शवपेट्या जाळल्या. सोनं १६० देबेन, आठ जणांत वाटणी, प्रत्येकी २०. एक देबेन म्हणजे सुमारे ९१ ग्रॅम. करा हिशोब!

गंमत पुढेच आहे. हा गडी आधीही एकदा सापडला होता. तेव्हा त्याने आपला २० देबेनचा वाटा तिथल्या कारकुनाला चारला आणि सुटला. साथीदारांनी आपापल्यातून त्याला पुन्हा हिस्सा काढून दिला, आणि टोळी परत थडगी फोडायला लागली.