रेडिओ-नियंत्रित गाड्या आणि रेडिओ व्यत्यय : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

वेगात धावणारी रेडिओ-नियंत्रित छोटी गाडी अचानक आदेश पाळेनाशी झाली, तर दोष चालकाच्या हाताचाच असतो असे नाही. पुष्कळदा त्यामागे रेडिओ व्यत्यय असतो. हा व्यत्यय दोन मार्गांनी येतो : बाहेरून, म्हणजे दुसऱ्याच्या ट्रान्समीटरमधून, आणि आतून, म्हणजे गाडीच्याच विद्युत यंत्रणेतून. या दोहोंवरील उपाय कसे बदलत गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बाह्य व्यत्यय

निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओ लहरींनी चालणारी छोटी नौका प्रदर्शित केली. परक्या संकेतांचा धोका त्यांनी ओळखला होता. त्यांना १९०३ मध्ये मिळालेल्या पेटंटांत, भिन्न वारंवारतांचे संकेत एकत्र आल्याखेरीज यंत्र कार्यान्वित होऊ नये, अशी योजना आढळते.

जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ची रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती बाजारात आणली आणि पुढे हा छंद झपाट्याने पसरला. अमेरिकेत २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशा गाड्यांसाठी अवघ्या सहा वारंवारता उपलब्ध होत्या. ओळखीसाठी त्यांना तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा व निळा हे रंग दिलेले होते. एकाच वारंवारतेवर दोन ट्रान्समीटर सुरू झाले, की दोन्ही गाड्या बेताल होत. म्हणून स्पर्धकांनी क्रिस्टल बदलून वारंवारता वाटून घ्यावी आणि आपली पाळी येईपर्यंत ट्रान्समीटर बंद ठेवावा, असा शिरस्ता पडला. व्यत्ययाचे निवारण त्या काळी यंत्रापेक्षा माणसांच्या परस्पर विश्वासावर अधिक अवलंबून होते.

अंतर्गत व्यत्यय

ब्रश असलेल्या विद्युत मोटरमध्ये ब्रश व कम्युटेटर यांच्या दरम्यान सतत ठिणग्या उडतात. हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकात ठिणगीच्याच साहाय्याने रेडिओ लहरी निर्माण केल्या होत्या. म्हणजे अशी प्रत्येक मोटर हा एक नकोसा ट्रान्समीटरच होय. त्यावर मोटरच्या दोन टोकांमध्ये, तसेच प्रत्येक टोक व धातूचे आवरण यांमध्ये लहान कपॅसिटर जोडण्याची पद्धत रूढ झाली. रिसीव्हर मोटर व बॅटरीपासून दूर बसवणे, अँटेना जाड विद्युत तारांना समांतर न नेता प्लॅस्टिकच्या नळीतून उभी करणे आणि तिची तार न कापणे, हे नियमही अनुभवातून ठरले. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर असते; तिच्या तुलनेत अँटेना आधीच आखूड असल्याने ती आणखी कापल्यास ग्रहणक्षमता घटत असे.

२.४ गिगाहर्ट्झचे पर्व

संकेत अनेक वारंवारतांवर फिरता ठेवण्याची कल्पना जुनी आहे. अभिनेत्री हेडी लमार व संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना पाणतीराच्या नियंत्रणासाठी या तत्त्वावर १९४२ मध्ये पेटंट मिळाले होते. अमेरिकी नियामक आयोगाने १९८५ मध्ये विस्तारित वर्णपटाच्या तंत्राला २.४ गिगाहर्ट्झसह काही पट्ट्यांत विनापरवाना मुभा दिली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे तंत्र छंदाच्या क्षेत्रात रुजले. रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरची सांकेतिक ओळख पटवू लागला आणि वारंवारतेसाठी पाळी लावण्याची गरज जवळजवळ संपली.

निष्कर्ष

वारंवारता वाटून घेण्याची शिस्त माणसांकडून यंत्राकडे गेली. मांडणीची शिस्त मात्र गाडी बांधणाऱ्याकडेच राहिली. ब्रशविरहित मोटरमध्ये ठिणग्या उडत नसल्या, तरी तिचा वेगनियंत्रक प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. अँटेना आता जेमतेम ३ सेंटिमीटरची असली, तरी धातू वा कार्बन फायबरच्या आड ती निष्प्रभ होते. म्हणून तंत्र बदलले, तरी योग्य अंतर राखण्याचा जुना नियम कालबाह्य ठरलेला नाही.