धूळ खाते

इतिहास कोण घडवतो, यावर विद्वानांत मतभेद आहेत. कोणी म्हणतात राजे घडवतात, कोणी म्हणतात जनता घडवते. मी पडलो बँकेतला कारकून, त्यात कॉमर्सचा पदवीधर; तेव्हा माझ्या मताला कोणी विचारत नाही. पण बावीस वर्षे रेकॉर्ड रूममध्ये जा-ये केल्यानंतर मी छातीठोकपणे सांगतो, की इतिहास कोणीही घडवो, तो ठेवायचा की नाही हे शेवटी धूळच ठरवते. आणि मराठवाड्यातली धूळ असेल, तर तिचा निकाल सहसा विरुद्ध बाजूनेच लागतो.

आमचे गाव अंतरवाली सराटी. तालुका अंबड, जिल्हा जालना. जिल्हा जालना हे १९८१ पासून. त्याआधी औरंगाबाद, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तर थेट निजाम सरकार. सरकारे बदलली, जिल्हे बदलले, पण उन्हाळ्यात उडणारी धूळ मात्र तीच राहिली. तिला बदलीचा हुकूम कधी निघालाच नाही. अशा गावात जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह स्वच्छ ठेवायच्या, म्हणजे पिठाच्या गिरणीत काळी टोपी स्वच्छ ठेवण्यासारखे.

आता ही निगेटिव्ह नावाची भानगड सुरू कुठे झाली, ते आधी पाहू. १८३५ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातल्या लॅकॉक गावी हेन्री फॉक्स टालबट या सद्गृहस्थांनी आपल्या घराच्या खिडकीचे चित्र रसायन लावलेल्या कागदावर उतरवले. चित्र आले पोस्टाच्या तिकिटाएवढे, आणि तेही उलटे. उजेड होता तिथे काळे, अंधार होता तिथे पांढरे. दुसरा कोणी असता तर त्याने कागद चुरगळून फेकला असता. टालबटसाहेबांच्या लक्षात आले, की उलट्याचे पुन्हा उलटे केले की सुलटे होते, आणि कितीही वेळा होते. चार वर्षांनी, १८३९ मध्ये, फ्रान्समध्ये दागेर यांची पद्धत जाहीर झाली. तिच्यात चित्र सुरेख येई, पण एकच येई. नक्कल नाही. ज्या पद्धतीत तीन प्रतींत काम होत नाही, ती टिकणार कशी, हे कोणताही कारकून सांगू शकेल. टालबटांची टिकली. १८४० मध्ये जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने तिला ‘निगेटिव्ह’ आणि ‘पॉझिटिव्ह’ असे शब्द दिले. आमच्या भाषेत नावे आणि जमा. एकाच व्यवहाराच्या दोन बाजू.

हे शास्त्र मुंबईला यायला वेळ लागला नाही. १८५४ मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि तिच्या सुरुवातीच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी होते. म्हणजे मराठी माणूस या उद्योगात उशिरा शिरला, असे म्हणायची सोय नाही. पण त्या काळचे काम म्हणजे तपश्चर्या! काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, तो ओला असेपर्यंत फोटो काढायचा आणि ओला असेपर्यंतच धुवायचा. सगळा कारभार दहा-पंधरा मिनिटांत. म्हणून फोटोग्राफरबरोबर तंबू, बाटल्या, पाणी आणि हमाल असा लवाजमा चाले. आणि ओल्या चिकट काचेवर धूळ काय करते, हे ज्याने ताज्या रंगवलेल्या दाराजवळ केरसुणी फिरवली आहे त्याला सांगायला नको.

आमच्या निजामाच्या दरबारी फोटोग्राफर होते राजा दीनदयाळ. जन्म १८४४ चा, मीरतजवळच्या सरधन्याचा, शिक्षण रुडकीला, आधी इंदूरला नोकरी आणि मग हैदराबाद. सहाव्या निजामाने त्यांना ‘राजा’ केले. फोटो काढून राजा झालेला माणूस विरळाच. नाहीतर राजेच फोटो काढून घ्यायला बसतात. १९०५ मध्ये ते गेले, पण त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात सुखरूप आहेत. काच! आमच्या घरात काचेचे सहा कप सहा महिने पुरत नाहीत.

आमच्याच भागातली आणखी एक हकीकत. मेजर रॉबर्ट गिल नावाचे अधिकारी १८४० च्या दशकात अजिंठ्याला आले आणि वर्षानुवर्षे लेण्यांतल्या चित्रांच्या मोठमोठ्या रंगीत नकला करीत बसले. त्या नकला लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरातल्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. उतारवयात गिलसाहेब कॅमेरा घेऊन त्याच लेण्यांत पुन्हा उतरले होते. ते फोटो मात्र राहिले. ज्याची एकच प्रत, त्याचा विमा काढून उपयोग नाही. दुसरी प्रत काढावी.

ही दुसरी प्रत काढण्याच्या कामात मराठी संसारांपैकी सगळ्यांत मोठा हातभार कोणाचा असेल, तर तो सरस्वतीबाई फाळक्यांचा. दादासाहेबांचे नाव सगळ्यांना ठाऊक. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, हे शाळेतली मुलेही सांगतात. पण त्या काळी कच्ची फिल्म कडेला भोके न पाडलेली येई. रात्री दिवे मालवून, अंधारात चाचपडत त्या फिल्मला भोके पाडायची कोणी? तर दिवसभर कंपनीतल्या सगळ्यांचा स्वयंपाक करून दमलेल्या सरस्वतीबाईंनी. फिल्म धुण्यातही त्यांचा हात असे. दादरच्या त्या घरात एकीकडे पीठ मळले जात होते आणि दुसरीकडे हिंदी चित्रपटसृष्टी. पिठाचा कण फिल्मवर न जाऊ देणे, ही या देशातली धूळनिवारणाची पहिली मोठी मोहीम मानायला हवी. पद्म पुरस्कार सोडा, श्रेयनामावलीतही त्यांना जागा नव्हती.

एवढे करून त्या ‘हरिश्चंद्रा’चे आज किती उरले? थोडासा भाग, आणि तोही १९१३ चा नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाचा असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. त्या काळात निघालेल्या शेकडो मूकपटांपैकी पूर्ण उरलेले हाताच्या बोटांवर मोजावेत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) तर नाहीच. याला धूळ एकटी जबाबदार नाही. जुनी फिल्म नायट्रेटची. एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. शिवाय तिच्यावर चांदी असते. चांदी म्हटल्यावर पुढचे सांगायला नको: रिळे भंगारात गेली, चांदी निघाली, इतिहास वाहून गेला. आम्ही सोनेतारण कर्ज देतो, पण माणसाने आजोबाच वितळवायला आणले तर कोणत्या फॉर्मवर घ्यावे, हे कुठल्याही परिपत्रकात नाही.

१९६४ च्या फेब्रुवारीत पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. तिथे पी. के. नायर नावाचे गृहस्थ रुजू झाले आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत गावोगाव हिंडून डबे गोळा करीत राहिले. नाशिकला फाळक्यांच्या घरापर्यंत पोचले. सुमारे बारा हजार चित्रपट त्यांनी जमवले. तरी ८ जानेवारी २००३ ला पुण्यातच प्रभातच्या जुन्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेटवरचे कितीतरी मूळ चित्रपट गेले. २०१६ मध्ये नायर वारले. असा माणूस आमच्या रेकॉर्ड रूमला मिळाला असता, तर १९८७ सालची एक फाईल मला ऑडिटरसमोर धापा टाकत शोधावी लागली नसती.

हा झाला देशाचा इतिहास. आता घरचा.

आमच्या गावच्या घरात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात निगेटिव्ह सापडल्या. अल्बममधले फोटो कधीच पावसाळ्याने एकमेकांना चिकटवून टाकले होते, पण डबा शाबूत. काही पस्तीस मिलिमीटरच्या रंगीत पट्ट्या, काही अग्फा क्लिक थ्रीच्या चौकोनी, कृष्णधवल. मी स्कॅनर आणला. आणि धुळीशी माझा समोरासमोर परिचय झाला.

निगेटिव्हवरचा धुळीचा कण उजेड अडवतो. म्हणून उलटे चित्र सुलटे केले की तो पांढरा ठिपका होतो. पस्तीस मिलिमीटरची चौकट छत्तीस मिलिमीटर रुंद. तिचा बारा इंची फोटो करायचा, तर सगळे साडेआठ पट वाढते. अर्ध्या मिलिमीटरचा धागा चार मिलिमीटरचा साप होतो. धुळीवरचे हे व्याज पाहून आमच्या बँकेलाही लाज वाटेल.

उपाय साधे आहेत, फक्त संसारी माणसाला जड जातात. पंखा बंद. (मे महिना!) हातात सुती मोजे. पट्टी कडेनेच धरायची. रबरी फुग्याने हवा मारायची, तोंडाने फुंकायचे नाही, कारण आपल्या फुंकरीत थुंकी असते. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो. तो जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला, म्हणून ओल मिळाली की बुरशीला मेजवानी. काचही दोन्ही बाजूंनी पुसायची. आणि सगळ्यांत उत्तम जागा म्हणजे न्हाणीघर: गरम पाण्याची वाफ केली की हवेतली धूळ खाली बसते, वाफ पूर्ण निवळली आणि सगळे कोरडे झाले की कामाला लागायचे. मी चार रविवार न्हाणीघरात लॅपटॉप घेऊन बसलो. बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून रांग. सौ. म्हणाली, “टोकन नंबर देत जा. सवय आहे तुम्हाला.”

रंगीत पट्ट्यांचे काम सोपे. धुतल्यावर रंगीत फिल्ममध्ये चांदी उरत नाही, नुसते रंग उरतात. चांगला स्कॅनर अवरक्त किरण सोडतो. ते रंगांतून आरपार जातात आणि धुळीशी अडतात. मशीनला धूळ कुठे आहे ते कळते आणि तेवढीच पुसली जाते. कृष्णधवल फिल्मचे चित्रच चांदीचे. किरण चित्रालाही अडतात आणि धुळीलाही. तिथे मग संगणकातले सॉफ्टवेअर नुसत्या अंदाजावर ठिपके पुसते.

त्या डब्यात आजीचा एकच फोटो होता. १९७८ च्या सुमाराचा, काकांनी कुणाचा तरी कॅमेरा मागून आणून काढलेला. सॉफ्टवेअरने शंभरेक ठिपके एका झटक्यात साफ केले. मी प्रिंट काढून आत्याला दिली. आत्याने ती लांब धरली, जवळ धरली, पदराने पुसली आणि विचारले, “आरं, मायची चमकी कुठं गेली?”

खरेच, नाकात चमकी नव्हती. मशीनच्या हिशेबी तो एक पांढरा ठिपका, म्हणून पुसला गेलेला.

आत्या म्हणाली, “बहात्तरच्या दुष्काळात पाटल्या गेल्या, बैल गेले, भांडी गेली. माय खडी फोडायला जायची. पर चमकी नाही मोडली तिनं. अन् तुझ्या मशीननं एका घडीत नेली व्हय?”

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. त्या रात्री मी मूळ स्कॅन पुन्हा उघडले आणि एकेक ठिपका हाताने तपासला. धूळ कोणती आणि आजी कोणती, हे मशीनला विचारून चालत नाही. घरातल्या माणसालाच विचारावे लागते. आत्या शेजारी बसून सांगत होती: “ही धूळ. ही बी धूळ. हा तीळ हाय, राहू दे.” दीड वाजता चमकी जागेवर आली.

२०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे आमच्या गावाचे नाव देशभर झाले. त्या काही दिवसांत गावाचे जेवढे फोटो निघाले, तेवढे आधीच्या शंभर वर्षांत निघाले नसतील. त्यातल्या मोबाईलवरच्या लाखो फोटोंना निगेटिव्ह नाही. त्यांना धूळ लागत नाही, हे खरे; पण मोबाईल बदलला की ते धूळ न लागताच नाहीसे होतात. म्हणून मी सगळे स्कॅन तीन ठिकाणी ठेवले आहेत, एक ताईकडे पुण्याला. आणि निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटांत घालून कोरड्या कपाटात. सौ.चे म्हणणे, आता संगणकात सगळे आले, तर तो पसारा कशाला? मी तिला एवढेच सांगितले, की पासबुक हातात पडले म्हणून कोणी मूळ खातेवही रद्दीत घालत नाही.