रेशमाची तात

परतूर तालुक्यातल्या आष्टीच्या पाण्यात ट्राउट मासा कधी नव्हता, आणि पुढेही असणार नाही. त्याला डोंगरातलं थंडगार, खळाळतं पाणी लागतं. पाण्याचं तापमान वीस अंशांच्या वर जाऊ लागलं की तो कासावीस होतो. परतूर तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते खरी, पण वैशाखातलं तिचं कोमट पाणी त्याला एक दिवस मानवायचं नाही. आणि तरी ट्राउट पकडण्याच्या कलेतली सगळ्यात नाजूक वस्तू ज्या जिवाच्या पोटातून आली, तो जीव आज जालना जिल्ह्यात शेडमधल्या रॅकवर लाखोंनी तुतीचा पाला फस्त करतो आहे.

ही वस्तू म्हणजे गळाची दोरी. सगळी नव्हे, तिचं शेवटचं टोक, गळाजवळचे नऊ-दहा फूट.

आपल्याकडचा गळ सोपा. आकड्याला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावायची, पाण्यात सोडायची आणि बसून राहायचं. ट्राउट मात्र पाण्यावर पडणारे किडे, माश्या टिपतो. म्हणून त्याच्यासाठी आकड्यावर पिसं आणि लोकर गुंडाळून खोटी माशी बांधतात. तिला वजन नसतं, त्यामुळे ती फेकता येत नाही. फेकायची ती जाड, जड दोरी, आणि माशी तिच्यामागून तरंगत जाते. आता ही जाड दोरी थेट माशीलाच बांधली तर नितळ पाण्यातला शहाणा मासा ती पाहणार आणि खडकाआड जाणार. तेव्हा दोरी आणि माशी यांच्यामध्ये जवळजवळ न दिसणारं, तरीही धडपडणाऱ्या माशाला पेलणारं काहीतरी हवं. लोक कौतुक करतात ते रंगीबेरंगी माशीचं. माझ्या मते या कलेचा खरा इतिहास दोरी लपवण्याचा आहे.

माशी तशी फार जुनी. इसवी सन 200 च्या सुमारास इलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या एका नदीवरच्या लोकांचं वर्णन केलं आहे. ते आकड्याला लाल लोकर गुंडाळत, कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसं लावत आणि ठिपकेदार मासे धरत. त्यांची काठी सहा फुटांची आणि दोरीही तेवढीच. इतक्या जवळून पकडायचं तर दोरीच्या बारीकपणाचा प्रश्न फारसा येत नसावा.

इंग्लंडात 1496 साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाच्या मासेमारीवरचं एक प्रकरण छापलं. ज्युलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीने ते लिहिलं असं परंपरा सांगते. त्यात बारा माश्या तर आहेतच, पण मला त्याहून रंजक वाटतो तो दोरीचा हिशेब. दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची. कुठल्या माशाला किती केस पिळायचे याचं कोष्टकच दिलेलं आहे: ट्राउटला नऊ, मोठ्या ट्राउटला बारा, सामनला पंधरा. केस पांढऱ्या घोड्याचेच हवेत, घोडीचे नकोत, असा गळवाल्यांचा आग्रह असे, कारण घोडीची शेपटी लघवीने भिजून कमजोर होते. पुढे 1676 मध्ये चार्ल्स कॉटनने बजावलं की आकड्याजवळच्या दोन केसांवर वीस इंची ट्राउट ज्याला आणता येत नाही, तो गळवाला कसला? नवावरून दोनावर आलो. घोड्याच्या केसाला यापुढे बारीक व्हायला फारशी जागा नव्हती.

पुढची वाट पूर्वेकडे आधीच सापडलेली होती. दक्षिण चीनमध्ये कापराच्या झाडावर राहणाऱ्या एका रानटी रेशीमअळीच्या पोटातून लोक चिवट, पारदर्शक धागा काढत. हा धागा जपानात गेला तो औषधांच्या गाठोड्यांची बांधणी म्हणून, आणि कुणा मासेमाराच्या नजरेला पडला, अशी तिकडे गोष्ट सांगतात. जपानी माणूस गळाच्या दोरीला आजही तेगुसु म्हणतो. आपला कोकणातला कोळी तंगूस म्हणतो. युरोपात या वस्तूचा छापील उल्लेख 1724 चा. जेम्स सॉन्डर्स नावाच्या इंग्रजाने आपल्या मासेमारीच्या पुस्तकात इटलीकडचे लोक रेशीमकिड्याची तात वापरतात, असं नोंदवलं.

तात म्हटल्यावर आपल्याला पिंजाऱ्याची धनुकली आठवते. ती तात बकऱ्याच्या आतड्याची. रेशीमकिड्याची तात मात्र आतड्याची नाही, आणि सूत काढून वळलेलीही नाही. ती काय आहे हे कळायला शेडमध्ये जाऊन अळीच पाहावी लागते.

चौथी कात टाकली की अळी आठवडाभर अधाशासारखी खाते. जन्मभरात खाल्लेल्या पाल्यातला चार-पंचमांश पाला याच दिवसांतला. मग एका सकाळी ती पाल्याकडे पाठ फिरवते. अंग आखडतं, पांढुरकेपणा जाऊन पिवळसर झाक येते, आणि उजेडासमोर धरली तर अंगातून उजेड आरपार दिसतो. डोकं उचलून ती काहीतरी शोधल्यासारखी हवेत फिरवत राहते. अळी पिकली, असं म्हणतात. तिच्या दोन्ही कुशींत एकेक रेशीमग्रंथी असते, वेटोळी घालून बसलेली, उलगडली तर अळीपेक्षा कितीतरी लांब. आत मधासारखा दाट द्रव. शेतकरी तिला बांबूच्या चंद्रिकेवर किंवा प्लॅस्टिकच्या जाळीवर सोडतो. तिथे ती दोन-तीन दिवस तोंडातून तो द्रव ओढत कोष बांधते. चांगल्या कोषातून हजार मीटरच्या आसपास अखंड तंतू उलगडतो.

तात करणारा माणूस तिला इथेच अडवतो. ती पिकली, पण पहिला तंतू अजून काढायचा आहे, नेमकी त्या वेळी तिला कडक व्हिनेगरमध्ये टाकतात. अळी मरते आणि ग्रंथीतला द्रव आंबटाने घट्ट होतो. काही तासांनी तिला मधोमध मोडून दोन्ही ग्रंथी बाहेर काढायच्या, एकेक दोन्ही टोकांना धरायची आणि एका दमात, हात न थांबवता ओढायची. जास्त भिजली असेल तर ओढताना तुटते, कमी भिजली असेल तर मधेच बारीक होऊन वाया जाते. जमलं तर फूट-दीड फुटाचा धागा हातात येतो आणि हवा लागताच कडक होतो. वरची पिवळी साल सोड्याच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात काढली की खाली काचेसारखा नितळ तंतू. ज्या द्रवाचा किलोमीटरभर धागा झाला असता, त्याचे दीड-दीड फुटांचे दोन तुकडे. पाण्यात भिजवला की तो लवचीक होतो आणि माशाच्या नजरेला जवळजवळ दिसेनासा होतो.

हे काम स्पेनमधल्या मुर्सिया शहराने अख्ख्या जगासाठी केलं. सगळं 19 वं शतक आणि विसाव्याची पहिली दशकं ट्राउटच्या गळाची तात म्हणजे मुर्सियाची तात. ओढणाऱ्या, सोलणाऱ्या, लांबी-जाडीप्रमाणे निवडणाऱ्या बहुतेक बायका होत्या. शल्यविशारदांनीही ही तात उचलली. जखमेचे टाके घालायला ती उत्तम, कारण गुळगुळीत आणि उकळून घेता येण्याजोगी.

जालन्याच्या शेतकऱ्याला समजेल असा हिशेब मांडून पाहू. शंभर अंडीपुंजांच्या बॅचमध्ये चाळीस-पन्नास हजार अळ्या. एकीचे दोन धागे, म्हणजे काहीच वाया गेलं नाही असं धरलं तर ऐंशी हजार ते लाखभर. नऊ फुटी टोकाला गाठींची लांबी सोडून आठेक धागे लागतात. म्हणजे एका बॅचमधून दहा हजारांवर टोकं. पण अळ्या पिकतात दोन-तीन दिवसांच्या आत, आणि प्रत्येक अळी हातात घेऊन, मोडून, ओढायची. घरच्या चार माणसांनी हे करायचं म्हटलं तर निम्म्या अळ्या कोष बांधून मोकळ्या होतील. कोषाचं बरं असतं, तो अळी स्वतः बांधते. पूर्वी मराठवाड्यातले कोष विकायला कर्नाटकात रामनगरला न्यावे लागत. 2018 साली जालन्याच्या बाजार समितीत राज्यातली पहिली कोष बाजारपेठ सुरू झाली आणि तो फेरा बराच वाचला.

हिंदुस्थानातल्या साहेबांना या तातेने छळलंही. काश्मीरच्या ओढ्यांत ट्राउट रुजवायचा म्हणून विलायतेहून अंडी आणली. 1899 ची पहिली खेप वाया गेली, पुढच्या वर्षीची टिकली. मासे झाले, पण मैदानातल्या उन्हाळ्यात पेटीत पडून राहिलेली तात कोरडी होऊन काडीसारखी मोडे. कोरड्या तातेला गाठ मारायची नाही, हा पहिला नियम. म्हणून गळवाला खिशात ओल्या फ्लॅनेलच्या घड्या असलेली चपटी डबी बाळगत असे. आदल्या रात्री त्यात टोकं भिजत घातली नाहीत, तर सकाळी नदीवर जाऊन नुसतं पाणी बघत बसायचं.

ऑक्टोबर 1938 मध्ये अमेरिकेच्या ड्यूपॉन्ट कंपनीने नायलॉन जाहीर केलं. त्याचा पहिला विकाऊ माल दात घासायच्या ब्रशचे केस, पण गळाच्या दोरीलाही फार दिवस लागले नाहीत. नायलॉन भिजवावं लागत नाही, ते पाहिजे तेवढं लांब मिळतं, मधे गाठ नसते, आणि प्रत्येक वार सारख्या जाडीचा. मुर्सियाच्या बायकांच्या हातात कितीही कसब असलं तरी याच्याशी त्यांचा टिकाव लागणं शक्य नव्हतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत तातेचा धंदा बसला. आज गोदावरीतला भोई जे बारीक जाळं टाकतो तेही नायलॉनचंच.

मोजमाप मात्र तातेचंच राहिलं. ओढलेला धागा आणखी बारीक हवा असला तर तो पोलादी पट्टीतल्या गोल भोकातून खेचून तासत, आणि किती बारीक झाला ते एक्सच्या आकड्याने सांगत. हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात आज कुणी मराठी पर्यटक हौसेने ट्राउटचा गळ टाकायला गेला तर त्याला मिळणाऱ्या नायलॉनच्या रिळावर पाच एक्स, सहा एक्स असंच लिहिलेलं असतं. अकरातून तो आकडा वजा केला की दोरीची जाडी इंचाच्या हजारांशांत निघते. पाच एक्स म्हणजे सहा हजारांश.