जमीन तीच, विचार निराळे
कलघटगीच्या वाटेवरून अर्थविचाराच्या इतिहासाकडे

आपल्या भागातील जुन्या मराठी घरांत वडीलधारी माणसे मागच्या गोष्टी सांगू लागली की त्या बहुधा एकाच ठिकाणी येऊन थांबतात. ‘चौऱ्याहत्तर साली कूळकायदा आला आणि जमीन गेली’, असे एका घरात ऐकू येते. दुसऱ्या घरात तेच साल ‘जमीन आपली झाली’ म्हणून आठवले जाते. १ मार्च १९७४ पासून कर्नाटकात कुळांकडच्या जमिनी सरकारकडे वर्ग झाल्या आणि कसणाऱ्यांना मालकी मिळण्याची वाट मोकळी झाली, ही गोष्ट खरीच आहे. परंतु कथेचा आरंभ तेथे नाही. जमिनीचा धनी कोण, हे ठरवणारे विचार त्याच्या दीडशे वर्षे आधीपासून या प्रांतात येत होते. त्यांतील काही तर फार दूरच्या देशांतून आले. त्या विचारांचा माग आपण या लेखात काढू.

पेशवाई संपली आणि १८१८ च्या सुमारास धारवाड प्रांत कंपनीकडे आला. नव्या सरकारपुढे पहिला प्रश्न साऱ्याचा होता. शेतकऱ्याकडून किती घ्यावे, आणि कोणत्या न्यायाने घ्यावे? नेमका त्याच सुमारास, १८१७ साली, लंडनमध्ये डेव्हिड रिकार्डो याचा अर्थशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. त्यातील खंडाचा सिद्धांत थोडक्यात असा: सर्वांत हलक्या जमिनीत कसणाऱ्याचा खर्च जेमतेम निघतो. चांगल्या जमिनीत तेवढ्याच खर्चात अधिक पिकते. हे जे अधिक, तो जमिनीचा खंड. तो कोणाच्या श्रमाचे फळ नाही, म्हणून सरकारने त्यातला वाटा घेतला तर शेतीचे नुकसान होत नाही.

कंपनीचे तरुण अधिकारी इंग्लंडात हेलिबरीच्या कॉलेजात शिकत. तेथे अर्थशास्त्र शिकवायला साक्षात माल्थस होता. त्या कॉलेजातून आलेल्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्यात हा सिद्धांत प्रत्यक्षात आणायचे ठरवले. प्रत्येक शेताचा खर्च वजा जाता काय उरते, याचा हिशोब त्याने मांडला. कागदावर तो सुबक होता, पण आकडे गावकामगारांच्या सांगण्यावर उभे होते आणि आकारणी जड झाली. धान्याचे भाव पडले तेव्हा कित्येकांनी शेते टाकून दिली. पुढे १८३५ पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत बसवली. निव्वळ उत्पन्न मोजण्याचा नाद त्यांनी सोडला. मातीची प्रत आण्यांत ठरवायची, मागील वर्षांची वसुली पाहायची आणि तीस वर्षांसाठी रोकड सारा कायम करायचा, असा तो व्यवहारी मार्ग होता. १८४० नंतरच्या दशकात हीच पद्धत धारवाड जिल्ह्यात आली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती साऱ्या मुंबई इलाख्याचा नियम झाली.

आपल्या घरातला पहाणीचा उतारा काढून पाहा. त्यातील ‘सर्वे नंबर’, ‘खराब’, ‘आकार’ हे शब्द त्या मोजणीच्या व्यवस्थेतलेच आहेत. कागद आज कानडीत असला तरी त्याचा सांगाडा तोच आहे.

या पद्धतीत एक मोठी गोष्ट दडलेली होती. ज्याच्या नावावर नंबर लागला त्याला तो विकता येऊ लागला, गहाण टाकता येऊ लागला. पूर्वी सावकाराचा हात फार तर खळ्यावरच्या राशीपर्यंत पोचे. आता तो जमिनीपर्यंत पोचू लागला. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा त्याच्या पाठीशी होता. विंगेटला स्वतःलाही पुढे या धोक्याची काळजी वाटू लागली होती. पण व्यवस्था चालू झाली होती.

त्यातच कापूस आला. कलघटगीच्या पश्चिमेला भाताची खाचरे आणि रान. पूर्वेला हुबळी, नवलगुंद, गदगच्या बाजूस काळी कापसाची जमीन. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेवर अवलंबून राहायचे नव्हते, म्हणून १८४० नंतर कंपनीने अमेरिकेतून जाणकार आणि बियाणे आणून धारवाडात लावून पाहिले. देशात अनेक ठिकाणी हा प्रयोग फसला. धारवाडच्या मातीत मात्र ते बी रुजले. ‘धारवाड-अमेरिकन’ हे नाव लिव्हरपूलच्या बाजारात चालू लागले. इथल्या मूळ देशी कापसाला तेथे ‘कुमठा’ म्हणत, कारण तो बैलांच्या पाठीवरून घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात जाई.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि तिथला कापूस अडला. १८६४ पर्यंत लिव्हरपूलमधला अमेरिकन कापसाचा भाव १८६० च्या चौपटीहून वर गेला होता. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी आधीच एक कंपनी काढून कारवारजवळ सदाशिवगडावर आपली यंत्रे पाठवली होती. धारवाडचा कापूस सरळ तिथे उतरावा आणि थेट जहाजात चढावा, हा बेत होता. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रासकडून मुंबईकडे आला, त्यामागेही या बंदराचा आग्रह होता. मात्र घाटातला रस्ता वेळेवर तयार झाला नाही, आणि कंपनीचा धंदा बुडाला. हुबळीहून कलघटगी, यल्लापूर करीत अरबैल घाटाने किनाऱ्यास उतरणारी जी वाट आज आपल्या दारावरून जाते, तिच्याकडे त्या काळात दूर मँचेस्टरचे डोळे लागले होते, हे आपण क्वचितच आठवतो.

भाव चढला तेव्हा शेतकऱ्याच्या हाती पैसा आला. त्याहून अधिक त्याची पत वाढली. सावकाराने मोकळ्या हाताने कर्ज दिले. १८६५ साली अमेरिकेतले युद्ध संपले, भाव कोसळला, मुंबईत शेअरबाजार बुडाला. कर्ज तेवढे राहिले. नंतरच्या दशकात तीस वर्षांची मुदत संपेल तसतशी फेरआकारणी होऊन सारा वाढू लागला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, आणि दंग्याचे लोण नगर जिल्ह्यातही पोचले. पाठोपाठ १८७६–७८ चा दुष्काळ आला. त्यात धारवाड जिल्हा फार होरपळला. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला, तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चारच जिल्ह्यांपुरता.

या साऱ्याकडे मराठी माणूस केवळ सोसणारा म्हणून पाहत बसला नव्हता. १८४१ सालीच भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी मुंबईच्या इंग्रजी पत्रात टोपण नावाने पत्रे लिहून, हिंदुस्थानची संपत्ती बाहेर वाहून जात आहे, असा आरोप केला. दादाभाईंचा याविषयीचा सिद्धांत त्यानंतर पाव शतकाने आला. १८४९ साली लोकहितवादींनी या नव्या शास्त्रावर मराठीत पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले ‘लक्ष्मीज्ञान’. नावातच पाहा, परक्या शास्त्राला घरात घेताना त्यांनी आपल्या देव्हाऱ्यातला शब्द वापरला.

पण खरा प्रश्न विचारला तो न्यायमूर्ती रानड्यांनी. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात त्यांनी इंग्रजी अर्थशास्त्राची गृहीतके एकेक करून तपासली. माणूस केवळ स्वतःच्या फायद्यासाठी वागतो, भांडवल आणि मजूर जिकडे लाभ तिकडे मोकळेपणी जातात, दोन्ही पक्ष समान बळाने करार करतात, असे ते शास्त्र धरून चालते. रानड्यांचे म्हणणे, आपल्या देशात यांतले काहीच खरे नाही. येथे व्यक्तीहून कुटुंब आणि जात प्रबळ. कराराहून रूढी प्रबळ. म्हणून एका देशाच्या अनुभवावरून काढलेला नियम दुसऱ्या देशावर जसाच्या तसा लादता येत नाही. जर्मन विचारवंत लिस्ट याचा त्यांनी आधार घेतला, पण बोलण्यामागे अनुभव स्वतःचा होता. कर्जनिवारण कायद्याच्या अंमलावर विशेष न्यायाधीश म्हणून त्यांनी शेतकरी आणि सावकार दोघांचेही कागद वर्षानुवर्षे पाहिले होते.

विचार असा पालटला तेव्हा कृतीही सुचली. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी, १९०५ साली, त्या वेळच्या धारवाड जिल्ह्यात, गदगजवळच्या कणगिनहाळ गावी सिद्दनगौडा पाटील यांनी शेतकऱ्यांची पतसंस्था उभारली. देशातील पहिली कृषी सहकारी पतसंस्था म्हणून तिची नोंद होते. ती पुण्यात नव्हे, मुंबईत नव्हे. लिव्हरपूलच्या भावाचा धक्का ज्या काळ्या मातीने सोसला होता, तिथेच ती निघाली. मराठी मुलखात वैकुंठभाई मेहता आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकाराला नंतर जे मोठे रूप दिले, त्याच्या आधीचे हे पाऊल आपल्या शेजारचे आहे.

रेल्वेने मात्र आपल्या वाटेचे महत्त्व कमी केले. दुष्काळानंतर सदर्न मराठा रेल्वे हुबळी-धारवाडला आली, आणि १८८८ पासून माल कॅसलरॉकवरून मुरगावच्या बंदरात उतरू लागला. कलघटगीत रेल्वे आजही नाही. गाव रंगीत लाकडी पाळण्यांसाठी नावाजले, बाजाराचे गाव राहिले. पण कापसाच्या दौलतीची वाट दुसरीकडून गेली.

आता पुन्हा चौऱ्याहत्तर सालाकडे या. जमिनीला विकण्याजोगी, गहाण टाकण्याजोगी वस्तू मानणारा विचार एका काळी आला. त्याने अनेक कुळे खातेदाराची कूळ झाली आणि अनेक घरे जमीनदार झाली. पुढे कसेल त्याची जमीन हा विचार आला आणि तोच व्यवहार उलटा फिरला. पहिल्या वेळी कायद्याने दिले ते न्याय वाटले, दुसऱ्या वेळी घेतले ते अन्याय वाटले. किंवा याच्या नेमके उलट. कोणत्या घरात बसून आपण हे बोलतो, यावर ते ठरते. जमीन तीच, तिच्याविषयीचा विचार बदलला की तिचा धनी बदलला.

म्हणून एक विनंती. माडीवरच्या पेटीत किंवा देवघराच्या फडताळात मोडीतल्या रोजकीर्दी, खतावण्या, गहाणखते पडली असतील. वाळवी लागली म्हणून ती चुलीत घालू नका. मोडी वाचणारा एखादा जाणता गाठा आणि १८६२ ते १८७८ ही वर्षे आधी उघडा. कर्ज कोणी दिले, कोणी घेतले, व्याज कोणत्या साली चढले, नंबर कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेला, हे त्यात सापडेल. आपले आजोबा-पणजोबा त्यात सावकार निघतील किंवा ऋणको; एकाच घरात दोन्हीही निघतील. तेही वाचायची तयारी ठेवा. रानड्यांनी दोन्ही बाजूंचे कागद समोर ठेवून विचार केला, म्हणून तो टिकला. आपल्या घरची गोष्ट सांगतानाही तेवढे पथ्य आपण पाळू शकतो.